फटफटीवाल्यांनी मागितलेला हिशेब



आपल्यातले कितीतरी जण फटफटीवरच बाजार गाठतात, म्हणून ही गोष्ट सांगतो.

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून सरकारी अपघात विमा आहे. चूक कोणाचीही असो, जखमीला उपचार आणि बुडालेल्या कमाईचे ८० टक्के मिळतात. बदल्यात भरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही. पैसा पट्टीतून येतो.

२००९ साली ६०० सीसीवरच्या फटफटीची वर्षाची पट्टी सुमारे २५० डॉलरवरून ७४५ करण्याचा प्रस्ताव आला. महामंडळ म्हणाले, तुमचा खर्च बाकीचे वाहनवाले सोसतात. फटफटीवाले म्हणाले, मोटारवाल्याने उडवले तरी खर्च आमच्याच खात्यावर का? नोव्हेंबरात हजारो जण वेलिंग्टनला संसदेवर धडकले. २०१० ची पट्टी सुमारे ४२७ डॉलर ठरली.

मग खाजगी करावे का? तिथे कामावरच्या अपघातांचा विमा १९९९ साली कंपन्यांना खुला झाला आणि २००० साली पुन्हा सरकारकडे आला. कंपनी तर धोका मोजूनच भाव लावते. जास्त धोक्याच्या फटफटीवाल्याला ती स्वस्तात कशाला घेईल?

तेव्हा मालक कोण, हा वाद नंतर. कोणाकडून किती घेतले, कोणाच्या चुकीपायी किती गेले, हे आधी विचारा. पट्टी भरतो त्याला हिशेब मागायचा हक्क आहे.