गालिच्याची उलटी बाजू

पुण्यात हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्ता धरला आणि सोलापूरच्याही पुढे शंभरेक किलोमीटर गेलं, की विजापूर लागतं. तिथं गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे. बहुतेक मंडळी घुमटात आवाज घुमवून परततात. तुम्ही मात्र या संग्रहालयात, विजापूरच्याच आसार महालातून आलेल्या जुन्या गालिच्यांपाशी थांबा.

थांबलात की आधी वेलबुट्टी बघू नका. पैठणी घेताना आपल्या बायका पदर उलटून पाहतात ना, हातगाठीचा गालिचाही तसाच पारखतात. त्याच्या पाठीवर सगळी नक्षी उमटलेली असते आणि गाठन् गाठ मोजता येते. ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकर गुंडाळायची, खाली ओढायची, कापायची. ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालून ती पंजा नावाच्या दातेरी अवजारानं ठोकायची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५३९-४० सालचा इराणी अर्दबिल गालिचा आहे. त्याची लांबी साडेदहा मीटर, आणि गाठी अडीच कोटींहून जास्त!

संग्रहालयात गालिचा उलटता येत नाही. मग झिजलेली जागा शोधा. लोकरीची लव झडून धागे उघडे पडलेत, तिथं विणकराचं काम दिसतं. मला तरी गालिच्याचा सर्वांत बोलका भाग तोच वाटतो. नंतर दुसऱ्या टोकाला जा. गाठ खाली ओढल्यामुळे लव एकीकडे झुकते. म्हणून एका टोकाकडून गडद दिसणारा रंग दुसरीकडून उजळ दिसतो. एकाच रंगात मधेच फिका आडवा पट्टा आला, तर तो दोष समजू नका. रंगवलेली एक लोकर संपून दुसरी लागली, ती ही जागा.

आणि रेडिओवर हे सांगायलाच हवं: काश्मिरात नक्षी आधी ऐकली जाते. कुठल्या रंगाच्या किती गाठी, हे खुणांच्या लिपीत लिहितात. तिला तालीम म्हणतात. एक जण ती मोठ्यानं वाचतो आणि मागावरचे हात त्या आवाजावर चालतात.

विजापूर लांब वाटत असेल, तर मुंढव्याचा पूल ओलांडून येरवड्याकडे बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या तुरुंगात कैदी गालिचे विणत. आसार महालातल्या गालिच्यांच्या नकलाही त्यांनी गाठीगाठीनं उतरवल्या. पुण्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्यात तसा गालिचा अंथरलेला दिसला, तर घरच्यांना विचारून त्याचा कोपरा जरा उलटून बघा.