उक्तं झाड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. केळशी, आंजर्ले, हर्णै भागात आंबे, फणस, माड, पोफळी एकमेकांवर कोसळल्या. पुढे कितीतरी दिवस गावोगाव पेट्रोलच्या कटरचा आवाज होता. बागांच्या नुकसानीवर खूप बोललं गेलं, ते योग्यच. पण तो कटर हातात धरणाऱ्यांविषयी फारसं कुणी बोललं नाही.

उभं झाड पाडण्यापेक्षा वादळात पडलेलं झाड तोडणं अधिक घातकी. आडवा ओंडका निपचित दिसतो, पण त्याच्यात ताण कोंडलेला असतो. एक बाजू दाबलेली, दुसरी ताणलेली. दाबलेल्या बाजूने कापत गेलात तर पातं लाकडात अडकतं. ताणलेल्या बाजूने एकदम खोल कापलंत तर लाकूड फाटून अंगावर उसळतं. उन्मळलेल्या आंब्याचं खोड तोडलं, की मातीसकट वर आलेला मुळांचा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. म्हणून त्या खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, पोरांना तर जवळसुद्धा येऊ द्यायचं नाही.

उभ्या झाडाची रीत ठरलेली आहे. ज्या बाजूला पाडायचं तिथे आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडं वर कापायचं आणि मधे लाकडाची पट्टी राखायची. झाड त्या पट्टीवर दाराच्या बिजागरीसारखं वळतं. पट्टी कापून टाकली की झाड कुठेही जातं. आणि हे सगळं करण्यापूर्वी मागे तिरकस पळवाट साफ हवी. जांभ्याच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत ती साफ करायलाच बराच वेळ जातो.

कुऱ्हाडीच्या काळात झाड कुरकुरायला लागलं की ऐकू यायचं. कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर, त्यात काय ऐकणार? शिवाय पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र झटक्यात तोंडाकडे उसळतं. त्यासाठी साखळीचा ब्रेक असतो. तो लागतो की नाही, हे रोज काम सुरू करण्याआधी बघावं. हेल्मेट, तोंडावर जाळी, कानावर मफ, पायात बूट हवेत. मांडीवर घालायची खास पँटही मिळते, तिचे धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. वैशाखातल्या घामात ती नकोशी होते, हे मान्य. पण स्लीपर घालून कटर चालवणाऱ्याला उकाड्याची सबब देता येणार नाही.

आता दराकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपण झाड उक्तं देतो. म्हणजे पैसे झाड पडल्याचे. पळवाट साफ केल्याचे, दोर बांधल्याचे, वारा पडेपर्यंत थांबल्याचे नाहीत. बागायतदार घासाघीस करून पाचशे रुपये कमी करतो, तेव्हा कटरवाला कशात काटछाट करतो? पेट्रोलमध्ये करता येत नाही. दोर धरणारा गडी तो कमी करतो. आंबा सुखरूप उतरावा म्हणून आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला तयार केला. फळासाठी एवढा विचार झाला. झाड पाडणाऱ्यासाठी निदान एका गड्याची मजुरी तरी सुटावी!

कायद्याचंही ऐकून ठेवा. आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ यांच्या तोडीला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडं तोडणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. कामावर अपघात झाला तर भरपाईचा प्रश्न येतोच, आणि तेव्हा कुणी कुणाला काम दिलं होतं याचा कागद लागतो. तो आपल्याकडे जवळजवळ कधीच नसतो.

म्हणून यंदा तोड ठरवताना एका कागदावर नावं, तारीख, दर लिहा. दोरवाल्याची हजेरी वेगळी दाखवा. आणि कटरवाल्याला एकट्याला बागेत पाठवू नका. आपल्या बऱ्याच बागांत मोबाईलला रेंज नसते.