अंतर्विरोध म्हणजे काय?
(जळगाव जामोद तालुक्यातील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री इथं भांडण झालं. जमीन कसणारा म्हणाला, "ढोरं माझ्या पिकात घालता." ढोरंवाला म्हणाला, "चराईची जागा तुम्ही नांगरली, मंग ढोरं कुठी चारू?" दोघंही खरं बोलत होते. म्हणून आज त्याच्यावरच बोलतो.

मार्क्सच्या विचारात याला अंतर्विरोध म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट रोजची आहे. एकाच गोष्टीच्या पोटात दोन बाजू असतात. एकीशिवाय दुसरी नाही, आणि दोघींचं पटतही नाही. त्या ओढाताणीतूनच बदल होतो.

आपलं शेतच घ्या. कागदात जंगल, डोळ्यांना शेत. इंग्रजांनी जंगल राखीव केलं. पण लाकूडतोडीला, रस्त्याला, वणवा विझवायला माणसं लागतात. म्हणून शेजारच्या मेळघाटात वनखात्यानं वनगावं वसवली. खात्याला आपले हात पाहिजेत, हातांचा हक्क नको. राबलो तर मजूर, कसलं तर अतिक्रमणदार! हा अंतर्विरोध त्या कारभाराच्या पोटातच होता. ठिकठिकाणी लोक लढले, तेव्हा २००६ चा वनहक्क कायदा आला.

कायद्यानं अंतर्विरोध मिटला का? नाही. त्याचं रूप बदललं. काल शेतातून हाकलत होते, आज पुरावा नाही म्हणून दावा फेटाळतात.

आता रात्रीच्या भांडणाकडे या. माओनं १९३७ साली मांडलं, की अनेक अंतर्विरोधांत मुख्य कोणता ते आधी ओळखा. आपला मुख्य अंतर्विरोध जमिनीच्या मालकीचा, सरकारशी. तो लढूनच सुटेल. आपसातला गावसभेत बसून सुटतो. पण दुय्यम म्हणजे दाबून टाकायचा, असं नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन कोण कसतं, हे कोणाला माहीत? रोज तिथून ढोरं नेणाऱ्या म्हाताऱ्याला! गावातल्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब कायद्यात पुरावा आहे. त्याचीच वाट नांगरली, तर तो जबाब काऊन देईल?

आणि चराई हाही त्याच कायद्यातला सामूहिक हक्क आहे. म्हणून शेताचा दावा आणि चराईचा दावा सोबतच टाका. दुपारी नकाशा काढायचा आहे. आधी ढोरांची वाट आखा, मंग शेतं.

जिंदाबाद!