जिद्द तर होतीच. पण पाय कुणी घडवला?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अपंग स्त्रीच्या प्रश्नावर आज बोलायचं ठरलं, तेव्हा एकीनं लगेच सुचवलं, 'सुधा चंद्रनची गोष्ट सांगा, बायकांना उभारी येते.' सांगते. पण नेहमी सांगतात तशी नाही सांगणार.

नेहमीची गोष्ट दोन वाक्यांत संपते. पाय गेला, जिद्दीनं पुन्हा नाचली. टाळ्या. मधली अडीच वर्षं कुठे जातात?

1981 साली तामिळनाडूत एका बसला अपघात झाला. मुंबईत वाढलेली, लहानपणापासून भरतनाट्यम शिकणारी ही शाळकरी वयाची मुलगी आईवडिलांबरोबर त्या बसमध्ये होती. पायाचं हाड मोडलं, जखमही झाली. प्लास्टर घातलं गेलं, आत जखम चिघळली, गँगरीन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. म्हणजे पाय नुसत्या अपघातानं गेला नाही, उपचार नीट न झाल्यानंही गेला. आपण ते सगळं नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळ्या होतो.

गुडघा वाचला, हे फार महत्त्वाचं. भरतनाट्यमची मूळ बैठक म्हणजे अरमंडी. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धं बसायचं आणि तसंच राहून जमिनीवर पाय आपटायचे. तेही अनवाणी. त्या काळचा विलायती धर्तीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेला. उकिडवं बसणारी, चिखलात उतरणारी, चुलीपुढे बसणारी बाई त्यात धरलेलीच नव्हती.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा, म्हणजे मास्टरजी, यांनी 1960 नंतरच्या दशकात रबराचा पाय घडवला. घोट्यात वळणारा, भिजला तरी चालणारा, बूट न मागणारा. 1981 सालचा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानानं मागेच राहिलं. हातानं काम करणाऱ्याच्या वाट्याला हे येतं, आपल्याला ते काही नवं नाही.

हा पाय लावून सुधानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोल कुठे जातो, वजन कधी टाकायचं, सगळं नव्यानं. उरलेला पाय साच्यात घासायचा, रक्त यायचं. जानेवारी 1984 मध्ये तिनं मुंबईत पुन्हा कार्यक्रम केला. मग तेलुगू 'मयूरी' आणि 1986 मध्ये हिंदी 'नाचे मयूरी' आला. दोन्हींत तिनं स्वतःचीच भूमिका केली. अपंग बाईचं काम धडधाकट नटीनं करायचं, हा सिनेमातला रिवाज निदान तिथे तरी मोडला.

जिद्द होतीच, कोण नाही म्हणतं! पण जिद्दीबरोबर पाठीशी उभे राहिलेले आईवडील होते, जयपूरला जाण्याची ऐपत होती, घडवणारे हात होते. नुसत्या जिद्दीचं कौतुक केलं, की जिला जमलं नाही तिला 'तूच कमी पडलीस' म्हणायला आपण मोकळ्या.

आणि एवढं नाव झाल्यावर तरी? ऑक्टोबर 2021 मध्ये सुधाताईंनी स्वतः ध्वनिचित्रफीत काढून पंतप्रधानांकडे गाऱ्हाणं मांडलं, की विमानतळावर दर वेळी मला पाय काढून दाखवायला लावतात. सुरक्षा दलानं माफी मागितली. ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही, त्यांची माफी कोण मागणार?

आता आपलंच सांगते. आपल्या वस्तीतल्या एका बाईला आपण शिबिरात पाय बसवून आणला होता. तिच्यासोबत फोटोही काढला. सहा महिन्यांनी मी घरी गेले, तर पाय पलंगाखाली आणि ती कुबडीवर. 'ताई, सैल झालाय, टोचतो,' म्हणाली. कापलेला भाग कालांतराने बारीक होतो, साचा पुन्हा बसवावा लागतो. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणही विचारलं नाही. शहरात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणी लागतं. नवरा म्हणतो, एकदा दिला ना पाय!

येत्या मंगळवारी तिला घेऊन जायचंय. सकाळी सहाची एसटी आहे. दोघी जणी लागतील, एक तिच्यासोबत आणि एक तिच्या घरी पोरांपाशी. भाषण संपलं की नावं द्या.