माथेरानचे तीन दिवस
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



"तुम्ही दोघे माथेरानला जाऊन आलात, त्यावर चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी चटकन हो म्हटले नाही. काशी-रामेश्वर करून आलेल्या भगिनी याच जागेवरून बोलून गेल्या आहेत. तेथे घरापासून दोन-तीन तासांवरच्या माथेरानचे कौतुक ते काय सांगायचे? शिवाय तेथे जे घडले ते थोडे घरातले आहे. पण आपल्या मंडळात परके कोणी नाही, म्हणून सांगते.

आमच्या लग्नाला ३८ वर्षे झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. सासूबाई होत्या तोवर त्यांना घेऊन पंढरपूर, गाणगापूर. पुढे मुलांना घेऊन महाबळेश्वर, तेही स्वेटर आणि कानटोप्या मोजण्यातच संपले. यंदा मे महिन्याच्या अखेरीस मुलीने परस्पर खोली ठरवली आणि बजावले, "दोघांनीच जायचे." माझ्या मनात आले, दोघांनी जाऊन बोलायचे काय? गेली दोन-तीन वर्षे आमच्यात बोलणे म्हणजे मी सांगायचे आणि यांनी ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, एवढेच उरले होते. मित्र येऊन बसले की तास-तास गप्पा. मी आतून "चहा झाला" म्हटले की पेपरातून मान वर नाही. "माझेच तेवढे ऐकू येत नाही तुम्हाला," हे मी किती वेळा बोलले असेन त्याला गणती नाही. तुम्ही हसता आहात, पण ते मला फार लागले होते. आपण या घरात नकोशा झालो की काय, इथपर्यंत मन गेले होते.

नेरळहून आम्ही छोट्या गाडीने गेलो. दोन फुटी रुळांची ही गाडी पीरभॉय कुटुंबाने बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटर जायला दोन तासांहून अधिक लागतात. २०१९ च्या पावसात मार्ग खचून ती बंद पडली होती, ती २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा वरपर्यंत जाऊ लागली. पावसाळ्यात नेरळहून ही गाडी सुटत नाही, जाणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. माथेरान सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी ते शोधून काढले असे सांगतात. पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांना ते त्याआधीच ठाऊक होते, ते कोणी सांगत नाही! त्यांच्या बायका आजही करवंदे-जांभळे डोक्यावर घेऊन डोंगर चढून येतात आणि आपण त्यांच्याकडून पाने भरून विकत घेऊन "काय छान विश्रांती" म्हणतो.

तेथली सर्वांत मोठी चैन म्हणजे मोटार नाही. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे तांबडी माती, जांभूळ-अंजनी-हिरड्याची सावली आणि आपले पाय. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही शार्लोट तलावाकडे निघालो. गावाला पाणी पुरवणारा हा तलाव, काठावर पिसरनाथाचे देऊळ. जावईबापूंची दुर्बीण यांच्या गळ्यात.

पाण्याजवळ पोचतो तो कोणीतरी शीळ घालू लागले. हे म्हणाले, "कुठला उनाड पोरगा एवढ्या सकाळी?" पोरगा नव्हता, शीळकरी कस्तुर होता. काळसर निळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यांवर चमकदार निळी झाक. इंग्रजीतही त्याला रिकामटेकड्या शाळकरी पोराची उपमा देतात म्हणे. मग कुटुर्गा बोलू लागला, "कुटुर्र, कुटुर्र." तोही यांनी ओळखला. इतक्यात आमच्या डोक्यावरच्या जांभळीत चष्मेवाल्यांचा थवा उतरला. हिरवट-पिवळे इवलेसे पक्षी, डोळ्यांभोवती पांढरे कडे. जोडीला शिंजीर. सारे झाड बारीक आवाजाने नुसते किणकिणत होते. मी म्हटले, "अहो, काय किलबिल चालली आहे!"

हे म्हणाले, "कुठे? आत्ता तर सगळे शांत झाले."

मला थट्टा वाटली. मी म्हटले, "डोळे मिटा, आणि आवाज आला की बोट वर करा." कुटुर्गा ओरडला, बोट वर. कस्तुराची शीळ, बोट वर. शिंजीर हातभर अंतरावर चिवचिवत होता आणि यांचे बोट मांडीवर तसेच पडलेले. मला घशाशी आले.

आम्ही दगडावर बसलो. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "अगं, दोन-तीन वर्षे होतच आहे हे. तू काहीतरी बोललीस एवढे कळते, पण शब्द लागत नाहीत. तिसऱ्यांदा विचारले की तू चिडतेस. म्हणून विचारणेच सोडले."

मैत्रिणींनो, त्यावर मी काय बोलणार? मी काहीच बोलले नाही. डोळे पुसले आणि पानातली करवंदे यांच्यापुढे धरली.

मग आम्ही कामाची वाटणी केली. ऐकायचे मी, पाहायचे यांनी. मी आवाजाच्या दिशेने हात करायचा आणि यांनी दुर्बीण लावायची. निखाराची जोडी अशीच सापडली. नर तांबडा-काळा, मादी पिवळी, दोघे शेंड्याशेंड्याने पुढे चाललेले. एको पॉइंटवर यांनी माझ्या नावाने हाक मारली, ती दरीतून परत आली आणि शेजारची कॉलेजची मुले हसली. मी पार लाजून गेले.

जेवणाचेही सांगायला हवे. आमच्या खाणावळीत राहणे-जेवणे एकत्र होते. पहिल्या दिवशी आमटी वाढायला मी सवयीने उठले, तर वाढपी म्हणाला, "आजी, तुम्ही बसा हो!" अगदी साधे जेवण, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, पण तव्यावरची भाकरी गरम असताना माझ्या पानात पडली, हे किती वर्षांनी! आणि त्या टेबलाशी समोरासमोर बसल्यावर यांना माझे बरेचसे बोलणे समजत होते. घरी मी बोलते ते ओट्याकडे तोंड करून, वर मिक्सर नाहीतर नळ चालू. समोर ओठ दिसले की शब्द लागतात, हे मला तेथे कळले.

परतल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. खालच्या स्वरांना ती ठीक होती, वरच्या स्वरांना उतरत गेलेली. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणाले. स, श, फ अशी अक्षरे निसटतात आणि बायकामुलांचे बोलणे समजायला जड जाते. मित्रांचे जाड आवाज यांना का ऐकू येत आणि माझा का नाही, याचे उत्तर त्या कागदावर होते. नातू "आजोबा ऐकतच नाहीत" म्हणून रुसायचा, त्याचेही. यंत्र लावायला हे चार दिवस कुरकुरले. आता लावतात.

आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो. परवा हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "आला बघ तुझा." फक्त एकच अडचण झाली आहे. स्वयंपाकघरात मी जे स्वतःशी पुटपुटते, तेही हल्ली बाहेर ऐकू जाते.