बंपरमागचा काळा पत्रा

गाडीला बाजारातला नवा एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा देणारा पाइप, बसवला की मालक काही दिवस भलताच खुशीत असतो. ऍक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून खोल घरघर येते आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं. बऱ्याचदा ते फक्त कानांनाच वाटत असतं, पण त्याकडे नंतर वळू. आज बोलायचंय ते या नव्या पाइपला जागा करून देताना जे मोडतं त्याबद्दल.

पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये काळ्या प्लास्टिकचा एक पातळ पत्रा असतो. हा एअर डिफ्लेक्टर. काही गाड्यांत तो रेडिएटरच्या वर आडवा असतो, काहींत दोन्ही बाजूंना उभा, तर काहींत बंपरच्या खाली लोंबत असतो. पाइप वळत नाही म्हणून बसवणारा त्याचा कोपरा कापतो, किंवा क्लिपा निघेनात म्हणून सरळ पक्कड लावून ओढतो. मग मालकाला सांगतो, "साहेब, नुसतं कव्हर आहे हे. नसलं तरी चालतं." मालकालाही पटतं, कारण गाडी सुरू होते, पळते, डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही.

चालत मात्र नाही. हवा पाण्यासारखीच आळशी असते, सोपी वाट दिसली की तिकडे जाते. पाटाला मध्येच भगदाड पडलं तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसंच इथे होतं. रेडिएटरच्या बारीक पात्यांमधून घुसणं हवेला कष्टाचं काम. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, म्हणजे दोन भिंती ओलांडायच्या. वर-खाली किंवा बाजूला फट मिळाली की ती तिथूनच सटकते. समोरच्या जाळीतून भरपूर हवा येत असूनही रेडिएटरला त्यातली थोडीच मिळते.

गाडी उभी असताना वेगळंच घडतं. सिग्नलला थांबल्यावर वाऱ्याचा जोर नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा पुढून हवा ओढून मागे इंजिनाकडे फेकतो. पत्रा तुटलेला असेल तर तीच तापलेली हवा त्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. त्यामुळे पहिली तक्रार तापमानाच्या काट्याची नसते, एसीची असते. चालत्या गाडीत गार वाटणारा एसी सिग्नलला कोमट होतो. लोक गॅस भरून घेतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच. एसीवाल्याकडे जाण्याआधी बॉनेट उघडून तो पत्रा जागेवर आहे का, ते पाहावं.

खरा कस घाटात लागतो. मे महिना, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी सुरू, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ आणि पुढे रखडत चाललेला ट्रक. वेग कमी, इंजिनावर ताण जास्त. अशा वेळी जी गाडी एरवी निमूट चालते तिचा काटा वर सरकू लागतो.

हे फक्त आपल्याकडच्या जुगाडाचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या शेवरोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी, म्हणजे 1997 ते 2004 ची गाडी, रेडिएटरसाठी लागणारी हवा नाकाखालून घेते. नाकाखाली लोंबणारा पत्रा ती हवा वर वळवतो. फुटपाथच्या कडेला घासून तो निघून गेला की भर हायवेवर, चांगल्या वेगात असतानाच, पाण्याचं तापमान चढायला लागतं. तिथले जाणकार मालक काटा वर गेला की आधी खाली वाकून पाहतात.

आता त्या इनटेकबद्दल. 1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन 4,000 फेऱ्यांवर पूर्ण जोर लावून चालताना मिनिटाला जवळपास 2,400 लिटर हवा गिळतं. ही हवा जितकी गार तितकी दाट, आणि दाट हवेत प्राणवायू जास्त. बाहेर 35 अंश तापमान असताना बॉनेटखालची 65 अंशांची हवा ओढली, तर साधारण नऊ टक्के हवा कमी पडली म्हणून समजा. म्हणूनच कंपनी मूळ पाइपचं तोंड पुढे, जाळीच्या मागे काढते. अनेक गाड्यांत ते तोंड याच पत्र्याला अडकवलेलं असतं. तो काढून, उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवून, वर ताकद वाढली असं म्हणणं माझ्या तरी डोक्यात शिरत नाही. तरीही इनटेक ठेवायचाच असेल तर ठेवा, पण पत्रा परत बसवा.

तुटलेला जोडता येईल का, असं विचाराल. पत्र्याची मागची बाजू पाहा. तिथे पी पी अशी अक्षरं उठवलेली असतील तर तो पॉलिप्रॉपिलीनचा आहे, आणि त्याला साधा झटपट चिकटणारा गोंद धरत नाही. तडा गेला असेल तर दोन्ही बाजूंना भोकं पाडून केबल टायने शिवता येतो, थोडे दिवस निभतं. तुकडाच उडाला असेल तर नवा घ्यावा. दुकानात नाव सांगून मागू नका, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. सतरा अक्षरी चॅसिस नंबर द्या, त्यावरून नेमका पार्ट निघतो. सोबत क्लिपा नव्या घ्या, दोन-चार जास्तच.

त्या क्लिपांपाशी जरा थांबतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. क्लिपच्या मधोमध एक बारीक टोपी असते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने आधी ती टोपी वर उचलायची, की आतले पाय सैल होतात आणि क्लिप बोटांनी निघते. टोपी न उचलता पाना घालून उचकटली तर क्लिप तर तुटतेच, वर पत्र्याचं भोकही फाटतं आणि नवी क्लिप त्यात ठरत नाही. काम इंजिन पूर्ण गार झाल्यावर, चावी काढूनच करा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरू लागतो.

नवा पत्रा पाइपला अडत असेल तर तोडू नका. पेन्सिलीने खूण करा, हॅकसॉच्या पात्याने तेवढाच घास कापा, कड घासून घ्या आणि तिच्यावर रबरी बीडिंग चढवा, म्हणजे पाइप घासणार नाही आणि फटही राहणार नाही. मूळ पत्र्याच्या कडेला फोमची पट्टी असेल तर ती नव्यावरही हवी. बसवून झाल्यावर एसी लावून गाडी दहा मिनिटं उभी ठेवा. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावला तर पाण्याचं आणि आत जाणाऱ्या हवेचं, दोन्ही तापमानं दिसतात. मोकळ्या रस्त्यावर आतली हवा बाहेरच्यापेक्षा पंचवीस-तीस अंशांनी गरम दिसली तर पाइप अजून इंजिनाचीच हवा ओढतोय.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावून सांगितलं आहे. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी विचारून घ्या.

शेवटी पावसाचं. गार हवा मिळावी म्हणून काही जण पाइपचं तोंड बंपरच्या तळाशी नेतात. तुंबलेल्या रस्त्यावर ते तोंड पाण्यात गेलं की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. तेव्हा ज्यांनी तोंड खाली नेलंय त्यांनी जून लागायच्या आत ते वर घ्यावं, आणि त्याच फेरीत पत्राही बसवून घ्यावा. बंपर एकदाच उतरेल, मजुरीही एकदाच.