यंत्राची मालकी आणि यंत्राचे ज्ञान



१९७८ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने भारतातील आपला कारभार गुंडाळला, ही घटना समाजवादी चळवळीत आजही अभिमानाने सांगितली जाते. जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याचा आग्रह धरला. भांडवलातील आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणण्यास कंपनीने नकार दिला आणि ती गेली. परंतु हा अर्धाच इतिहास झाला. आयबीएमची यंत्रे येथे प्रामुख्याने भाड्याने दिली जात. त्यांतील पुष्कळशी परदेशात वापरून झालेली व येथे डागडुजी करून उभी केलेली होती. कंपनी गेल्यावर ही यंत्रे चालू कोण ठेवणार, हा खरा प्रश्न होता. १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने तो भार उचलला. तिच्या अभियंत्यांनी ती यंत्रे उघडली, समजून घेतली आणि चालू ठेवली. मंत्र्याच्या निर्णयाला अर्थ आला तो या अनामिक अभियंत्यांच्या श्रमांमुळे. यंत्र कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ते बंद पडल्यावर चालू करण्याचे ज्ञान कोणाकडे आहे, यावरच मालकी ठरते.

हा धडा आज पुन्हा गिरवण्याची वेळ आली आहे. पतसंस्थांचे हिशेब, ग्रंथालयांच्या सूची, कामगार संघटनांच्या सभासद-याद्या, शिक्षणसंस्थांचे अभिलेख हे सारे आता संगणकावर आहे, आणि तो संगणक उत्तरोत्तर दुसऱ्याच्या घरी आहे. 'क्लाउड' या काव्यमय नावाखाली जे विकले जाते, ते म्हणजे एखाद्या बड्या कंपनीच्या प्रचंड दालनात ओळीने मांडलेली यंत्रे. भाडे भरले जाते तोवर दार उघडे असते. किंबहुना भाडे भरूनही ते बंद होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीला याचा अनुभव आला. रशियन भांडवलाचा मोठा वाटा असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही काही दीनदुबळ्यांची संस्था नव्हे. पण निर्बंध भारताने घातलेले नसताना भारतातील एका कारखान्याचा पत्रव्यवहार परदेशातील निर्णयाने थांबतो, तर तालुक्याच्या गावातील पतसंस्थेची काय कथा? तिला वकील तरी कोठून मिळावा?

यावर उपाय काय? पुन्हा वहीखात्याकडे जाणे हा उपाय नव्हे. स्वतःच्या यंत्रावर स्वतःचा कारभार उभा करणे हा उपाय आहे, आणि तो वाटतो तितका दुर्घट राहिलेला नाही. त्याचे तंत्र 'व्हर्च्युअलायझेशन' या नावाने ओळखले जाते. एका सामर्थ्यवान संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र आभासी संगणक चालवणे, एवढाच त्याचा अर्थ. एकात हिशेब, दुसऱ्यात ग्रंथालय, तिसऱ्यात संकेतस्थळ. एक कोलमडला तरी शेजारचे चालू राहतात. ही कल्पना नवी नाही. मोठ्या यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्यासाठी आयबीएमनेच ती १९६० च्या दशकात विकसित केली व १९७२ मध्ये बाजारात आणली. साध्या, स्वस्त सर्व्हरांवर ती रूढ करण्याचे मोठे श्रेय १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीला जाते. जगभरच्या कचेऱ्यांनी तिची प्रणाली विकत घेतली आणि ती आपली झाली असे मानले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री बंद झाली आणि त्याजागी मुदतीची वर्गणी आली. २०२४ च्या आरंभी मोफत आवृत्ती काढून घेण्यात आली. २०२५ मध्ये ती पुन्हा देण्यात आली. काढून घेणे आणि पुन्हा देणे या दोन्ही कृतींचे मर्म एकच आहे. ज्याच्या मर्जीने वस्तू मिळते, त्याच्याच मर्जीने ती जातेही. येथे यंत्र संस्थेचे होते, खोली संस्थेची होती, विजेचे बिलही संस्थाच भरत होती. तरीही यंत्राला चालवणारी प्रणाली परक्याची होती. म्हणजे जमीन कुळाची आणि पाणी सावकाराचे, अशी ही अवस्था झाली.

दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची आहे. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा भाग समाविष्ट झाला आणि आभासी यंत्रे चालवण्याची शक्ती सर्वांना खुली झाली. त्यावर आधारलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली व्हिएन्नातील एका कंपनीने २००८ पासून उपलब्ध केली आहे. तिच्या परवान्याने ती वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. कंपनी साहाय्याची वर्गणी घेते. परंतु वर्गणी न भरणाऱ्याला अपुरी प्रणाली मिळते असे नाही. उद्या त्या कंपनीने धोरण बदलले, तरी आज दिलेला हक्क तिला परत घेता येत नाही.

प्रत्यक्ष उभारणीचे काम कसे असते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. वापरून झालेला पण सुस्थितीतील सर्व्हर प्रारंभाला पुरतो. त्याच्या प्रोसेसरमध्ये आभासी यंत्रांना आधार देणारी सोय हवी. २००६ नंतरच्या बहुतेक सर्व्हरांत ती असते, पण कित्येकदा ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते व हाताने चालू करावी लागते. मेमरी जितकी अधिक तितके बरे, कारण प्रत्येक आभासी यंत्र तिच्यातला वाटा मागते. दोन समान डिस्क घ्याव्यात आणि उभारणीच्या वेळी झेडएफएस पद्धतीने एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवावे. एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही. प्रणालीची फाईल उतरवून पेनड्राइव्हवर लिहावी, त्यावरून यंत्र सुरू करावे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत: कोणती डिस्क, कोणता पासवर्ड, यंत्राचे नाव काय, नेटवर्कवरील कायमचा पत्ता कोणता. निवडलेल्या डिस्कवरील जुना मजकूर या टप्प्यावर समूळ पुसला जातो, हे विसरू नये. त्यानंतर कचेरीतील कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून, त्या पत्त्यापुढे ८००६ हा पोर्ट क्रमांक देऊन, सर्व कारभार पाहता येतो. पूर्वतयारी नीट असेल तर हे एका दुपारचे काम आहे.

परंतु खरी कसोटी त्या दुपारनंतर सुरू होते. वीज जाते, म्हणून यूपीएस हवा आणि त्याची बॅटरी वेळोवेळी तपासली गेली पाहिजे. प्रणालीत दोष सापडतात. म्हणून सुधारणा नियमाने चढवल्या पाहिजेत. प्रतिबिंबित डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीने पुसलेली नोंद दोन्ही डिस्कांवरून एकदमच नाहीशी होते. बॅकअप वेगळ्या यंत्रावर असावा, त्याची एक प्रत वेगळ्या इमारतीत असावी आणि ती पुन्हा उभी करून दाखवण्याची तालीम दर सहामाहीला व्हावी. जी प्रत कधी उभी करून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या तिजोरीवर विसंबणे होय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पासवर्ड व कार्यपद्धती एकाच हुशार तरुणाच्या डोक्यात राहता कामा नये. तो पुण्याला नोकरीस गेला की संस्था पुन्हा परावलंबी होते. भाडेकरूपणा गेला आणि त्याजागी एका व्यक्तीची मक्तेदारी आली, तर काय साधले?

म्हणूनच हे काम एकेकट्या संस्थेने न करता काही संस्थांनी मिळून करावे. तंत्रही तेच सुचवते. या प्रणालीत अनेक यंत्रांचा समूह बांधता येतो आणि त्याचा कारभार बहुमताने चालतो. तीन यंत्रांपैकी एकाचा इतर दोघांशी संपर्क तुटला, तर ते आपल्या अधिकारात नवे निर्णय घेत नाही. उरलेली दोन यंत्रे बहुमतात असल्याने काम पुढे नेतात. दोनच यंत्रे असली, तर एक बंद पडताच बहुमतच उरत नाही. हा समूह मात्र एकाच जागी, जलद नेटवर्कवर असावा लागतो. तेव्हा एका गावातील पतसंस्था, ग्रंथालय आणि शाळा यांनी तीन यंत्रे एकत्र ठेवावीत, बॅकअपची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि प्रत्येकी दोन माणसे शिकवावीत. खर्च वाटला जाईल आणि ज्ञानही वाटले जाईल.

यावर आक्षेप येतील. प्रोसेसर अखेर परदेशी कंपन्यांचेच आहेत, मग हे स्वावलंबन कसले, असे विचारले जाईल. आक्षेप खरा आहे. हे पूर्ण स्वराज्य नव्हे. पण विकत घेतलेला प्रोसेसर उद्याच्या धोरणबदलाने काढून नेता येत नाही, भाड्याची सेवा नेता येते, हा फरक लहान नाही. एखाद्या संस्थेला माणसेच मिळत नसतील, तर तिने तूर्त भाड्याची सेवा घ्यावी. मात्र आपल्या माहितीची संपूर्ण प्रत स्वतःपाशी ठेवावी. अज्ञानाने चालवलेला स्वतःचा सर्व्हर हा भाड्याच्या सर्व्हरपेक्षा अधिक घातक असतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी छोट्या यंत्राचा पुरस्कार केला तो यंत्राच्या आकाराच्या मोहाने नव्हे. यंत्र सामान्य माणसाच्या आटोक्यात राहावे, हा त्यामागचा विचार होता. आज ते साधन कोपऱ्यातल्या एका टेबलावर मावते आणि त्याची प्रणाली विनामूल्य मिळते. उणीव आहे ती शिकणाऱ्या हातांची. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या संस्थेची माहिती कोठे आहे, तिची प्रत कोणापाशी आहे आणि ती उभी करणारा दुसरा माणूस कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. ज्या प्रश्नापुढची जागा रिकामी राहील, तेथून कामाला आरंभ करावा.